मिरगाच्या आत घरातली छुपी गळती शोधायची तयारी

हे काम अखजी (अक्षय तृतीया) झाली की हाती घ्यावं आणि मिरग लागायच्या आत संपवावं. पावसाळ्यात भिंतीला ओल दिसली तर ती छताची, जमिनीची की नळाची, हे भल्याभल्या मिस्त्रीलाही सांगता येत नाही. मे महिन्यात मात्र आपल्याकडे विदर्भात पारा 44-45 वर असतो, अंगणात वाळत घातलेलं लुगडं तासाभरात कडक होतं. अशा दिवसांत भिंतीचा हातभर भाग ओलाच राहत असेल, तर तिथे कुठून तरी पाणी येतंय आणि बहुतेक ते तुमच्याच टाकीतून किंवा नळातून येतंय. 7-8 जूनला मृग लागला, एक-दोन सरी पडल्या, की हा पुरावा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गेला.

शहरात मीटरचा आकडा बघून गळती ओळखतात. आपल्याकडे बहुतेक गावांत पाणीपट्टी वर्षाची ठरलेली असते, त्यामुळे कितीही पाणी वाया गेलं तरी कागदावर काही दिसत नाही. म्हणून सुरुवात घरात पाणी भरणाऱ्या बाईला विचारून करा. भरलेली टाकी आधी किती पुरायची, आता किती पुरते, हे तिच्याइतकं नेमकं कोणीच सांगणार नाही. बोअरवेलची मोटर असेल तर मागच्या वर्षीच्या याच महिन्यांची लाईट बिलं काढून युनिट ताडून पाहा. माणसं तेवढीच, गुरं तेवढीच, कूलरही तेवढेच आणि युनिट वाढले असतील, तर मोटर जास्त वेळ चालतेय.

सामान आधीच एका टोपलीत जमवून ठेवा: टॉर्च, खडू, खुणा केलेली सरळ काडी किंवा पट्टी, निळीची बाटली, चिकटपट्टी, जाड प्लॅस्टिकचा तुकडा, लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर आणि लिहायला वही. त्यानंतर टाकीखालचा कॉक फिरतो का ते बघा. पुढची सगळी तपासणी त्याच्यावरच उभी आहे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या त्या भागात, क्षार धरून कॉक जाम झालेले असतात. जोर लावला तर मान तुटते. तेल सोडून रात्रभर ठेवा, सकाळी थोडं पुढे, थोडं मागे असं करत मोकळा करा. तरीही फिरला नाही तर आधी कॉक बदला, मग बाकीचं.

आता खोटी ओल वेगळी काढायची. उन्हाळ्यात आपल्या घरातला सगळ्यात मोठा फसवणारा म्हणजे कूलर. त्याच्या टपातून, फ्लोटच्या नळीतून, गवताच्या जाळीवरून पाणी झिरपतं आणि खिडकीखालची भिंत ओली होते. माठाच्या तिवईखाली, रांजणाच्या बुडाशीही ओल असतेच. दोन दिवस कूलर भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढा, माठ दुसऱ्या जागी मांडा. डाग सुकला तर पाईप फोडायची गरज नाही.

टाकीची परीक्षा दोन रात्रींची. पहिल्या रात्री सगळ्यांची जेवणं, भांडी आटोपली की घरातले सगळे नळ बंद करा, टाकीत पाणी येणारी वाट बंद करा आणि काडी घालून पाण्याची पातळी मोजा. वेळ वहीत लिहा. पहाटे कोणी तोंड धुवायच्या आधी पुन्हा मोजा. रात्री उठणाऱ्यांसाठी दोन बादल्या बाहेर भरून ठेवा, नाहीतर सगळा हिशेब बिघडतो. साडेतीन फूट व्यासाच्या, हजार लिटरच्या प्लॅस्टिक टाकीत पाणी एक सेंटिमीटर उतरलं म्हणजे जवळपास 9 लिटर गेलं. बोटभर, म्हणजे दोन सेंटिमीटर उतरलं तर 18 लिटर, चांगली मोठी बादली. आठ तासांत बोटभर म्हणजे दिवसरात्र मिळून 54 लिटर. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर पाणी धरलेलं आहे. घरात न जन्मलेला एक माणूस रोज तुमचं पाणी पितोय, असं समजा.

पातळी उतरली तर दुसऱ्या रात्री टाकीखालचा कॉक बंद करून तेच मोजमाप करा. तरीही उतरली तर टाकीला चीर आहे किंवा तिचं निपल सुटलंय. आता उतरली नाही तर गळती खालच्या पाईपात आहे. न्हाणी, स्वयंपाकघर, गुरांच्या कोठ्याकडची लाईन यांना वेगवेगळे कॉक असतील तर रोज एकेक बंद ठेवून गळणारी फांदी हुडकता येते. नवीन बांधकाम करणाऱ्यांनी हे कॉक आवर्जून बसवून घ्यावेत, खर्च थोडाच आहे. गुरांच्या उघड्या हौदाला मात्र हा नियम सरळ लावू नका. मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी नुसत्या उन्हानं दिवसाला सेंटिमीटरभर किंवा त्याहून जास्त उतरते. हौदातच दोन विटांवर एक बादली ठेवा, काठाजवळपर्यंत भरा, दोन्हीच्या पातळीवर खूण करा आणि दिवसभर गुरांना दुसरीकडे पाणी पाजा. बादलीपेक्षा हौद जास्त उतरला तर हौद गळतो.

संडासाला फ्लशची टाकी असेल तर तिच्यात थोडी नीळ टाका आणि अर्धा तास कोणी वापरू नका. भांड्यात निळं पाणी उतरलं तर आतलं रबर गेलंय.

भिंत वाचायला मात्र सवड काढा. जोत्याजवळ सगळ्या भिंतींना सारखीच, गुडघाभर ओल आणि पांढरा लोणा (भिंतीवर फुटलेला क्षार) असेल तर ती बहुतेक जमिनीतून चढणारी ओल आहे, विशेषतः मातीच्या नाहीतर जुन्या विटांच्या घरात. नळाची ओल एकाच जागी असते. तिच्या मध्यभागी रंग गडद, कडेला पांढऱ्या क्षाराची झालर, आणि हात लावला तर तेवढाच भाग गार. कडेनं खडूनं रेघ मारा, बाजूला वेळ लिहा. नळ येऊन गेल्यावर डाग रेघेच्या बाहेर पसरला आणि नंतर आत आला, तर तो पाणी यायच्या वेळेशी बांधलेला आहे. डागाची शंका राहिली तर त्यावर प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला थेंब जमले म्हणजे ओल भिंतीतून येतेय.

जुन्या लोखंडी पाईपात बघायची जागा म्हणजे एल्बो. पाईपाला आटे पाडताना वरचा जस्ताचा थर निघून जातो आणि धातूही तिथेच पातळ होतो. गंज तिथूनच सुरू होतो. सांध्यावर तांबूस पापुद्रा आणि खाली एक ओघळ दिसला की नखानं पापुद्रा खरवडून बघा, आत ओलसर चमक असते. गच्चीवरच्या पीव्हीसी पाईपाचं दुखणं निराळं: वर्षानुवर्षं उन्हात राहून तो ठिसूळ होतो आणि सांध्याच्या कडेलाच केसभर चिरतो. कोरडं वर्तमानपत्र सांध्याभोवती गुंडाळून तासाभरानं पाहा. डोळ्याला न दिसणारा ओलावा कागद दाखवतो.

गाव झोपल्यावर स्क्रूड्रायव्हरचं टोक पाईपावर टेकवा आणि मुठीला कान लावा. सगळे नळ बंद असतानाही सूं सूं आवाज येत असेल, तर जिथे तो सगळ्यात मोठा तिथे खडूनं फुली.

टाकीच्या परीक्षेत रस्त्यापासून घरापर्यंतची जमिनीखालची लाईन येत नाही आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि दरवर्षी पाईपाचे सांधे ओढते. नळ येऊन अर्धा तास झाला की त्या लाईनवरून अनवाणी चाला. वैशाखात सगळं अंगण करपलेलं असताना एका जागी दूर्वा हिरवीगार, धोप्याची (अळूची) पानं टवटवीत, तर तिथे खणा. अशा गळतीत पाणी फक्त बाहेर जात नाही. नळ बंद झाला की पाईपात पोकळी होते आणि शेजारच्या नालीतलं पाणी त्याच फटीतून आत येतं. नळाला टिल्लू पंप (पाणी खेचणारी छोटी मोटर) लावला असेल तर तो ते ओढूनच घेतो. हगवण, कावीळ अशीच घरात शिरते. म्हणून नळाचं पहिलं पाणी पांढऱ्या भांड्यात धरून रंग आणि वास बघा. शेजाऱ्यांकडे स्वच्छ आणि तुमच्याकडेच गढूळ, तर फट तुमच्या जोडणीत आहे. सगळ्या आळीत तसंच असेल तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला बोलवा, पाण्याचा नमुना द्या आणि दुरुस्ती होईपर्यंत प्यायचं पाणी उकळूनच वापरा. टिल्लू पंप त्याच दिवशी काढा.

ओल बोर्डाजवळ किंवा मोटरच्या वायरीजवळ असेल तर हात लावायच्या आधी मेन स्विच पाडा, मग पायात कोरडी चप्पल घालून बघा.

फोडायच्या दिवशी प्लंबर येण्याआधी टाकी निम्मी रिकामी करा, प्यायचं पाणी गुंडात भरून ठेवा आणि वहीतले आकडे त्याला दाखवा, म्हणजे सगळी न्हाणी न उकरता तो फुलीवरच छिन्नी लावेल. सांधा बदलल्यावर लगेच सिमेंट थापू देऊ नका. दोन वेळा नळ येऊन जाऊ द्या, एक रात्र टाकी पुन्हा मोजा. बुजवण्याआधी उघड्या पाईपाचा मोबाईलवर फोटो काढा, फोटोत दारापासून पाईपापर्यंत टेप धरा म्हणजे दारापासून किती फुटांवर पाईप आहे ते कळेल, आणि तो फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाईलवर पाठवून ठेवा.