ट्यूब उशिरा पेटते? लगेच नवी आणू नका, आधी या चुका टाळा

दिवेलागणीला बटण दाबावं, ट्यूबची दोन्ही टोकं लालसर व्हावीत, लुकलुक सुरू व्हावी आणि मधला भाग काही केल्या पेटू नये, हे विदर्भातल्या खेड्यांत अजून रोजचं आहे. एलईडी आले तरी ओसरीत, गोठ्यात, समाजमंदिरात तांब्याच्या चोकच्या (म्हणजे प्रवाह आवरणाऱ्या तारेच्या गुंडाळीच्या) जुन्या पट्ट्या टिकून आहेत. अशा वेळी "ट्यूब गेली" असं ठरवून बाजाराच्या दिवशी नवी आणली जाते. ती लावूनही लुकलुक थांबत नाही, आणि पैसे वाया जातात. ट्यूब नेमकी कोणत्या वेळी रुसते, याकडे दोन-चार दिवस लक्ष दिलं तर हा खर्च बहुतेकदा वाचतो.

वेळ न पाहता सामान बदलणं

गहू-हरभऱ्याचं ओलीत सुरू झालं की एकाच डीपीवरचे, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचे, पंप सोबतच चालतात आणि गावातलं व्होल्टेज खाली बसतं. लाईनच्या शेवटी ज्यांची घरं आहेत, त्यांना हे सगळ्यात जास्त भोगावं लागतं. घरी २३० व्होल्ट यायला हवेत. ते १८०च्या आसपास उतरले की साधा स्टार्टर अडखळतो.

त्याचं कारण स्टार्टरच्या कामातच आहे. बटण दाबल्यावर स्टार्टरच्या आतल्या काचेच्या कुपीतला वायू उजळतो, त्याच्या उष्णतेने दोन धातूंची पट्टी वाकते आणि संपर्क जुळतो. मग ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या तारांतून प्रवाह जाऊन त्या तापतात. पट्टी गार होऊन संपर्क तुटतो, त्या क्षणी चोक काहीशे व्होल्टचा झटका देतो आणि ट्यूब पेटते. व्होल्टेज कमी असलं की तारा पुरेशा तापत नाहीत, झटकाही लुळा पडतो, आणि हा खेळ पुन्हा पुन्हा सुरू राहतो.

म्हणून रात्री पंप बंद झाल्यावर तीच ट्यूब झटकन पेटत असेल, तर तिला, स्टार्टरला किंवा चोकला हात लावू नका. वायरमनकडून संध्याकाळचं व्होल्टेज मोजून घ्या. रोजच कमी भरत असेल तर शेजाऱ्यांना सोबत घेऊन महावितरणकडे तक्रार नोंदवा. १९१२ हा क्रमांक त्यासाठीच आहे. पंपांना कपॅसिटर बसवलेले असले तर लाईनवरचा भार हलका होतो आणि व्होल्टेज सावरतं. बरेच शेतकरी तो काढून टाकतात किंवा जळाल्यावर परत बसवत नाहीत. त्याची झळ अख्ख्या डीपीला लागते, हे गावात बोललं गेलं पाहिजे.

पौष-माघाच्या पहाटे ट्यूब जरा वेळ घेत असेल तर घाबरू नका. गोंदिया-नागपूरकडे पारा १० अंशांच्या खाली जातो, थंडीत ट्यूबमधल्या पाऱ्याची वाफ कमी होते आणि पेटायला उशीर लागतो. दिवस चढला की ती सुधारते.

स्टार्टर फिरवत बसणं

चालू लाईनवर स्टार्टर फिरवून ट्यूब पेटवायची सवय घराघरात आहे. पावसाळ्यात ओल्या भिंतीजवळ, ओल्या हातांनी हे करणं जिवावर बेतू शकतं. बटण बंद केलं म्हणजे भागलं, असंही समजू नका. कित्येक घरांत बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) जोडलेलं असतं, आणि बंद केल्यावरही पट्टीत फेज राहतो. बंद ट्यूब अंधारात मंद चमकत असेल तर ही शंका नक्की घ्या. मेन स्विच पाडल्याशिवाय पट्टीला हात नको.

खरी तपासणी सोपी आहे: घरातल्या नीट पेटणाऱ्या ट्यूबचा स्टार्टर काढून इथे लावून पाहा. फरक पडला तर स्टार्टर बदला, तो या सगळ्यात स्वस्त भाग आहे. दोन्ही टोकं सतत लाल राहतात, लुकलुकही होत नाही, तर स्टार्टर आत चिकटला आहे, हे जवळजवळ नक्की.

टोकं काळीभोर झाली असतील तर मात्र ट्यूब संपली. तारांवरचा लेप उडून काचेवर बसतो, तोच हा काळेपणा. आणि काहीच पेटत नसेल तर होल्डर पाहा. चुलीचा धूर, कापसाची कस्तरं, पालीची घाण यांनी पिना मळतात. मेन पाडून पिना बारीक पॉलिश पेपरने घासा, ट्यूब पुन्हा नीट बसवा.

लुकलुकती ट्यूब तशीच चालू ठेवणं

"पेटेल थोड्या वेळाने" म्हणून तासभर तशीच सोडलेली ट्यूब लवकर मरते, कारण प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात लेप थोडा थोडा झडतो. पण मला जास्त काळजी चोकची वाटते. त्याच्यातून सतत जास्त प्रवाह जाऊन तो तापतो. जुना चोक डांबर गाळू लागला, जळका वास आला किंवा मोठ्याने गुणगुणू लागला, तर त्याच दिवशी काढून टाका.

आपल्याकडे भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात, कधी तर आढ्यापर्यंत. त्या गंजीवर लुकलुकती ट्यूब आणि तापलेला चोक असणं म्हणजे आगीला आवतण आहे. कापसाच्या खोलीत तांब्याच्या चोकची पट्टी ठेवूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे एलईडी लावा, तोही कापसापासून लांब.

चुकीची जोडणी

दोन फुटी २० वॅटच्या ट्यूबला ४० वॅटचा चोक लावला की ट्यूबमधून जास्त प्रवाह जाऊन ती लवकर जाते. इलेक्ट्रॉनिक चोकला स्टार्टर लागत नाही, आणि चांगल्या प्रतीचा असेल तर कमी व्होल्टेजवरही तो लगेच पेटवतो. जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब बसवताना खोक्यावरची आकृती पाहूनच जोडणी करा. साधा स्टार्टर तसाच ठेवून चालत नाही. नवा खर्च करायचाच असेल तर मी एलईडीच सुचवेन. पाऱ्याच्या ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७पर्यंत बंद करायचं, पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारात ठरलं आहे.

जुनी ट्यूब उकिरड्यावर फेकू नका. तिच्यात पारा असतो, आणि उकिरड्याचं खत शेवटी वावरातच जातं. ती पुठ्ठ्यात गुंडाळून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. घरात फुटलीच तर दारं-खिडक्या उघडून लेकरांना बाहेर काढा, झाडू न मारता काचा जाड कागदाने उचला आणि उरलेली भुकटी ओल्या कापडाने पुसून तेही कापड बांधून टाका.