जुन्या बोलेरो पिकअपमध्ये सीआर इंजिन टाकताय? या चुका टाळा

जुन्या डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) पिकअपची चॅसी ठणठणीत असते, पण इंजिन ऑइल खायला लागतं आणि भरली गाडी घाटात दम टाकते. मग कुणीतरी सुचवतं, भंगारातलं सीआर (कॉमन रेल) इंजिन टाक, दोन्ही 2,523 सीसीचीच. सीसी सारखी म्हणून काम सोपं, ही पहिली चूक. डीआयमध्ये डिझेल मेकॅनिकल पंप ढकलतो, सीआरमध्ये प्रत्येक इंजेक्टर ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, हुकमावर उघडतो.

आधी आरसी, मग पाना

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, आरसीवरचा तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमावर कडक भूमिका घेतली. कलम 182अ खाली अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला आणि इंजिन नंबर जुळला नाही, तर विम्याचा क्लेमही अडकतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: भाड्याच्या गाडीत त्याच मॉडेलचं डीआय इंजिन टाका आणि आरटीओत अर्ज करून नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या. सीआर हवंच असेल तर आधी लेखी परवानगी, मगच इसार. इंजिन कुठलंही घ्या, विक्रेत्याकडून इंजिन नंबर लिहिलेलं बिल मागा. ते नसेल तर चोरीच्या गाडीचं इंजिन तुमच्या गळ्यात पडू शकतं.

अर्धं इंजिन विकत घेणं

सीआर घेताना नुसता ब्लॉक आणू नका. ते ज्या गाडीतून निघालं त्याच गाडीचा ईसीयू, अख्खं वायरिंग, अॅक्सिलरेटर पेडल, सगळे सेन्सर आणि इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा) असेल तर तिची चावीही घ्या. वायरिंग कापून दिलं असेल तर सौदा सोडा. जुनी टाकी उतरवून आतून धुवा. तिच्यातला गंज सीआरच्या इंजेक्टरला पुरता संपवतो.

अनेकांच्या नजरेतून सुटतो तो व्हॅक्युम पंप. डिझेल गाडीत ब्रेक बूस्टरला व्हॅक्युम वेगळ्या पंपातून मिळतो, आणि तो बऱ्याचदा अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो. त्याला ऑइलची एक बारीक लाइन येते, एक परत जाते. मिळेल तो अल्टरनेटर चढवला तर चार्जिंग होतं, पण ब्रेक पेडल दगडासारखं कडक होतं. गाडी रस्त्यावर काढण्याआधी हे तपासाच.

एअर काढताना जीव सांभाळा

डीआयच्या डिझेल लाइनमध्ये एअर घुसली की मिस्त्री इंजेक्टरचा नट सैल करून सेल्फ मारतात. सीआरवर हे करायचं नाही. रेलमधला, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या सामायिक नळीतला, दाब हजार बारच्या पुढे जातो. त्या दाबाची धार कातडी फोडून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठा. एअर हातपंपाने, फिल्टरच्या बाजूने काढा.

टर्बोसाठी आणखी एक सवय ठेवा. पहिल्यांदा सेल्फ मारताना डिझेल बंद ठेवून ऑइलचा दाब येऊ द्या, नाहीतर टर्बोचं बेअरिंग कोरडं फिरतं.

सेल्फ जड फिरतो, केबल तापते

इंजिन आणि चॅसीमधली अर्थिंग पट्टी विसरली की करंट क्लचच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल जळते. बॅटरी बदलण्याआधी मल्टीमीटर लावा: सेल्फ फिरत असताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग कच्चं आहे. पट्टीखालचा रंग घासून काढा.

ठरावीक वेगाला थरथर

माउंटिंग दोन बोटं वरखाली झालं तरी प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. गिअरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट आणि मागच्या धुऱ्याचा पिनियन (शाफ्ट जोडला जातो तो गिअर) एकमेकांना समांतर हवेत. ते न पाहता शाफ्ट बॅलन्सिंगला पाठवण्यात पैसे जातात आणि शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस पुन्हा तुटतो. कोन मोजायचा तो गाडी चाकांवर उभी असताना. जॅकवर मागचा धुरा लोंबकळतो आणि माप चुकतं. माउंटिंगला आधी नुसते टाके मारा, कोन आणि खालून ऑइल सम्पची जागा बघा, मगच पूर्ण वेल्डिंग करा.