जुनी ट्रॅव्हलर घेऊन फिरतं घर करायचंय? आधी महिनाभर रिकामी चालवा

गाडी अंगणात आली की पहिला विचार येतो पलंग कुठे, ओटा कुठे, पडदे कोणते. माझंही तेच झालं. मी सुताराला आधी बोलावलं आणि मिस्त्रीला नंतर, आणि पहिल्याच पावसाळ्यात मागच्या चाकावरचा पत्रा सडलेला निघाला, मग नवीन केलेलं अर्धं प्लायवूड उखडून वेल्डिंग करावं लागलं. तो खर्च तुमचा वाचावा म्हणून हे एवढं लिहून राहिलो.

आपल्या विदर्भात जुनी डिझेल गाडी घेऊन घर करायचं म्हणजे दहातल्या नऊ वेळा टेम्पो ट्रॅव्हलरच. ही गाडी १९८७ मध्ये बजाज टेम्पोने आणली, मूळ डिझाईन मर्सिडीजच्या व्हॅनचं, इंजिनही मर्सिडीजच्या ओएम ६१६ वरचं २.४ लिटरचं, आणि २००५ पासून कंपनीचं नाव फोर्स मोटर्स. तालुक्याच्या गावीसुद्धा हिचं काम येणारा मिस्त्री भेटतो, आणि गावाकडे फिरणाऱ्याला यापेक्षा मोठं कारण लागत नाही. जुनी मेकॅनिकल पंपाची घ्यायची की नंतरची कॉमन रेल, म्हणजे डिझेल सोडायचं काम कॉम्प्युटरवर चालणारी, यावर लय वाद होतात. कॉमन रेल चढावर चांगली ओढते, पण तिला डिझेल स्वच्छ लागते आणि सेन्सर गेला तर स्कॅनरवाल्याकडे जावं लागते. धारणी, भामरागडसारख्या जंगलपट्ट्यात जायचं असेल तर माझं मत जुन्या पंपाच्या गाडीला.

गाडी पाहायची पावसाळ्यात. एक तर लग्नसराई संपलेली असते, गाड्या उभ्या असतात, मालक भावात बसतो. दुसरं म्हणजे गळती लपत नाही. मे महिन्यात छत कोरडंच असते, पण सतत दोन दिवस पाणी आलं की कोणत्या खिडकीच्या रबरातून थेंब येते ते आपोआप दिसते.

पाहायला जाताना मालकाला आधीच सांगून ठेवा की मी आल्याशिवाय सेल मारू नका. गेल्यावर बोनेटला हात लावून पाहा, गरम असेल तर चहा घेऊन थांबा, खरी परीक्षा थंड इंजिनाचीच असते. जुन्या इंजिनाला हीटर प्लग असतात, चावी फिरवून हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं आणि मग सेल मारायचा. डिसेंबरच्या सकाळी थोडा पांढरा धूर येऊन थांबला तर चिंता नाही. निळा धूर म्हणजे ऑईल जळते, रेस केल्यावर काळा येत राहिला तर नोझल, पंप नाही तर एअर फिल्टर. मग चालू इंजिनवर ऑईल भरायचं झाकण उघडा. तिथून भकाभका धूर आणि वारा मारत असेल तर मिस्त्री लोक म्हणतात बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे पिस्टन-रिंग गेल्या आणि इंजिनचं काम आलं. रेडिएटरचं झाकण मात्र थंडपणीच उघडायचं, पाण्यावर तेलाचा तवंग असेल किंवा डिपस्टिकवरचं ऑईल दुधाळ दिसत असेल तर हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग, गेलं समजा. "काही नाही होत भाऊ, चालून राहिली ना" असं कोणी म्हणलं तर त्याच्याशी वाद घालू नका, फक्त किंमत त्या हिशोबाने लावा.

इंजिन खोलून बांधता येते, सडलेल्या पत्र्याचं काम कधी संपत नाही. म्हणून माझ्या मते पत्रा पाहायला इंजिनपेक्षा दुप्पट वेळ द्या. खिशात एक लोहचुंबक ठेवा. चाकाच्या कमानीवर, दाराच्या खालच्या कडेला, पायरीच्या मागे, पुढच्या काचेच्या रबराखाली आणि छताच्या पन्हाळीत लावून पाहा, जिथे चुंबक धरत नाही तिथे पुट्टी भरून रंग मारलेला आहे. आतलं मॅट उचला, मालक कुरकुर करेल पण उचलाच. खालून चेसिसला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, टणटण आवाज पाहिजे, भदभद आला तर आतून खाल्लेली आहे. शाळेच्या बसवर गाडी चाललेली असेल तर किलोमीटर कमी दिसतील पण क्लच आणि ब्रेक झिजलेले असतात, दर दोनशे मीटरवर थांबलेली गाडी असते ती. वऱ्हाडं नेणाऱ्या गाडीचे पाटे, म्हणजे चाकावरच्या पट्टीच्या स्प्रिंगा, बसलेले असतात, सपाट जागी मागून पाहा, एका बाजूला झुकली का ते दिसते.

कागदाचं नीट ऐका, कारण इथे लोक फसतात. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर फिटनेस तपासून ५-५ वर्षांनी वाढवून भेटते, आणि महाराष्ट्रात वेगळा पर्यावरण कर भरावा लागतो. दिल्लीचा १० वर्षांचा डिझेल नियम इकडे नाही. पण सरकारी ॲम्ब्युलन्स लिलावात स्वस्त भेटते म्हणून कोणी सांगितलं तर सावध, कारण १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच रद्द झालेली आहे, ती गाडी फक्त भंगारात जाते, तुमच्या नावावर होत नाही. बाकी आरसीवर कर्जाचा बोजा आहे का, ई-चलन किती थकले, टॅक्स आणि पीयूसी कुठपर्यंत आहे हे परिवहनच्या साईटवर नंबर टाकून आधीच पाहून घ्या. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने घासा आणि आरसीशी अक्षर अक्षर जुळवा. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, बोजा असेल तर ३५, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते. राज्यातल्याच दुसऱ्या आरटीओची असेल, म्हणजे अमरावतीची एमएच २७ ची गाडी वर्ध्याला एमएच ३२ मध्ये आणायची असेल, तर एनओसी लागते का ते आधी आरटीओत विचारून घ्या. पिवळ्या पाटीची, म्हणजे भाड्याने चालणारी गाडी असेल तर परमिट सरेंडर झालं का तेही विचारा.

आणि सीटा काढून पलंग लावणं हा कायद्याने गाडीतला बदल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे त्याला आरटीओची परवानगी लागते आणि आरसीवर नोंद लागते, कॅराव्हॅनसाठी, म्हणजे अशा फिरत्या घरासाठी, एआयएस १२४ नावाचं मानकही आहे. काम करायच्या आधी आरटीओत जाऊन लेआऊटचा कागद दाखवा, नंतर नाही. नोंद नसेल आणि अपघात झाला तर विम्याचा क्लेम अडकतो, हा धोका घरच्या लोकांना बसवून घ्यायचा नाही.

गाडी घरी आली की ऑईल, सगळे फिल्टर, ब्रेकचं तेल, बेल्ट आणि होज पाइप बदला. टायरच्या साईडला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली असो, सहा-सात वर्षांवरचा टायर आपल्या तपनीत चालवू नका. मग एक खाट, सतरंजी, पाण्याची कॅन एवढं टाकून महिनाभर फिरा. हजारेक किलोमीटर. शेगावला जाऊन या, लोणारला जा, एकदा परतवाड्यावरून चिखलदरा चढा. गरमीचा काटा कुठे जाते, तिसऱ्या गिअरला काय आवाज येते, रात्री झोपल्यावर गरमी कोणत्या बाजूने येते, हे सगळं त्या महिन्यात कळते आणि त्यावरच आतलं डिझाईन ठरते. एकूण पैशातले चाळीस टक्के तोपर्यंत हातातच ठेवा.

गरमीचं सांगतो. अकोला, चंद्रपूरकडे मे मध्ये पारा ४५ च्या वर जाते आणि जुनं रेडिएटर तिथेच उघडं पडते. इकडे गाडी गरम होते म्हटलं की काही मिस्त्री थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडपच, काढून टाकतात. तसं करू देऊ नका. त्याने जाम झालेलं रेडिएटर झाकलं जाते आणि हिवाळ्यात इंजिन थंडच राहून डिझेल जास्त पिते. रेडिएटर उतरवून साफ करून घ्या, झाकण नवीन टाका, कुलंट टाका. बोअरचं पाणी टाकायचं नाही, आणि पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं तर अजिबातच नाही, आत क्षार बसून नळ्या बंद होतात. काटा वर गेला की आधी वेग कमी करा, मग बाजूला थांबून इंजिन हळू चालू ठेवा, आणि झाकणाला अर्धा तास हात लावू नका.

चालवायला ही कार नाही. लायसन्स साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं, चालते, साडेसात हजार किलोच्या आतली गाडी आहे. वेग ६५-७० च्या घरात ठेवा. समृद्धीवर बाकीचे १२० ने जातात म्हणून तुम्ही ताणू नका, तापलेलं काँक्रीट, जुना टायर आणि आतलं वजन हे तीन एकत्र आले की टायर फुटते. घाटात ज्या गिअरला चढलो त्याच गिअरला उतरायचं. न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येते, आणि इंजिन बंद केलं तर ब्रेकच जड होते, कारण ब्रेकचा बूस्टर व्हॅक्युमवर चालते आणि ते व्हॅक्युम इंजिन चालू असेल तरच बनते. बंद इंजिनवर एकदोनदा ब्रेक लागते, नंतर पेडल दगडासारखं होते. टर्बो असेल तर चढून आल्यावर मिनिटभर हळू चालू ठेवून मग बंद करा. वळताना मागचा भाग बाहेर फिरते, गावातल्या अरुंद गल्लीत दुसऱ्याच्या ओट्याला घासते. छतावर सोलर पॅनल लावले की गाडीची उंची पुन्हा मोजा आणि आकडा स्टिअरिंगसमोर चिकटवा, रेल्वेच्या अंडरपासमध्ये आणि गावातल्या लोंबलेल्या तारांखाली तोच कामी येते. कापूस आणि संत्र्याच्या सीझनमध्ये संध्याकाळनंतर चालवू नका, बैलबंडीला मागून दिवा नसते.

आता आतलं काम. सगळं उघडं करा, गंज घासून काढा, सडलेलं कापून नवीन पत्रा वेल्ड करा, प्रायमर मारा. मग इन्सुलेशन. ग्लासवूल ओल धरते, थर्माकोल भुगा होऊन आवाज करते. मी चिकटणारं नायट्रील फोम लावलं, छताला जाड, भिंतीला जरा पातळ, आणि छत बाहेरून पांढरं केलं. सोलर पॅनल छताला चिकटवू नका, खाली चार बोटं वारा फिरू द्या. पॅनल तापलं की वीज कमी बनवते, आणि वरून सावली पडल्याने छतही कमी तापते, असा दुहेरी फायदा.

एसीचा हट्ट सोडा असं मी सगळ्यांना सांगतो. हिशोब साधा आहे. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे १,२८० वॅट-अवर. एक टनाचा एसी हजार वॅटच्या आसपास खाते, म्हणजे तासाभरात खेळ खल्लास. तोच १२ व्होल्टचा छोटा कुलर ५०-६० वॅटचा, आठ तास चालवला तरी पाचशेच्या आत. आपली गरमी कोरडी आहे, कुलर आपल्याचसाठी बनलेला आहे. फक्त समोरची खिडकी किंवा छताचा व्हेंट उघडा पाहिजे, नाही तर आत दमट होऊन जीव घाबरते, हे कुलरवाल्या घरात वाढलेल्याला सांगायला नको. रात्रभरात वीसेक लिटर पाणी जाते, ते टाकीच्या हिशोबात धरा. पावसाळ्यात कुलर काढून ठेवा आणि पंखा लावा. बॅटरी इंजिनजवळ किंवा उन्हाच्या बाजूला ठेवू नका. वायरिंगमध्ये पैसे वाचवू नका, १२ व्होल्टवर हजार वॅटचा इन्व्हर्टर नव्वद-शंभर अँपिअर ओढते, त्याला बोटाएवढी जाड केबल लागते आणि बॅटरीजवळच फ्यूज लागते. गॅसचं सिलिंडर ५ किलोचं घ्या, त्याचा कप्पा आतून बंद आणि तळाला बाहेर भोक असलेला, कारण गॅस हवेपेक्षा जड असते, खालीच साचते. दाराजवळ अग्निशामक अडकवा.

वजनाचं लोक विसरतात. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, १८ मिलीमीटर प्लायची कपाटं म्हणजे अजून दोन माणसं. काम सुरू करायच्या आधी जवळच्या कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर गाडी तोलून घ्या, अर्धं झालं की परत, संपल्यावर पाणी-सामान भरून परत, आणि आरसीवरच्या आकड्याच्या आतच राहा. मी १२ मिलीच्या वॉटरप्रूफ प्लायवर आणि ॲल्युमिनियम सेक्शनवर भागवलं. पाण्याची टाकी मागच्या ॲक्सलच्या जवळ ठेवा, अगदी शेवटी टाकली तर पुढचं टोक हलकं होऊन स्टिअरिंग तरंगते.

स्पेअरमध्ये दोन डिझेल फिल्टर, फॅन बेल्ट, वरचा-खालचा होज पाइप, क्लिपा, फ्यूज आणि पाच लिटर कुलंट. पावसाळ्यात फिल्टरखालचा नट सैल करून साचलेलं पाणी काढत जा, आणि वावरातल्या ड्रममधलं डिझेल कोणी प्रेमाने दिलं तरी कापडातून गाळून घ्या. डिझेल संपून हवा धरली तर फिल्टरचा स्क्रू सैल करून हँड पंप मारायचा, बुडबुडे थांबेपर्यंत, हे घरीच एकदा मिस्त्रीसमोर स्वतःच्या हाताने करून शिका.

मुक्कामाला मंदिराचं पार्किंग, पंप, नाही तर गावात पोलीस पाटलांना विचारून जागा घ्या, ताडोबा-मेळघाटच्या हद्दीत रात्री थांबू नका. आणि जून ते ऑक्टोबर डांबर किंवा मुरूम सोडून गाडी उतरवू नका. काळ्या मातीवर संध्याकाळी उभी केलेली गाडी रात्री पाणी आलं की सकाळी ट्रॅक्टरशिवाय निघत नाही, जॅकसुद्धा खाली जाते, म्हणून दोन हात लांबीच्या दोन जाड फळ्या पलंगाखाली कायम ठेवा.