हप्त्याने घर घेताय? आधी दुरुस्तीचं कलम वाचा

सोलापुरात नवे आलात, की ‘महिन्याला ठरलेली रक्कम भरा, काही वर्षांनी घर तुमच्या नावावर’ असा व्यवहार कानावर येईल. व्यवहार वाईट नाही. मात्र नोंदणीकृत खरेदीखत होईपर्यंत घराची मालकी तुमच्याकडे येत नाही. ‘घर तुमचंच समजा’ म्हणत मालक स्लॅबची गळतीही तुमच्या अंगावर टाकतो, ती इथेच.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम आहे. पण भाडेकरूने उलट करार केला नसेल तरच. म्हणून ‘सर्व दुरुस्ती घेणाऱ्याने करावी’ ही ओळ मसुद्यात दिसली, तर सही करण्याआधी खोडायला लावा. नळाचे वॉशर, बल्ब, मोटरचा फूटव्हॉल्व्ह तुमच्याकडे. स्लॅब, भिंती, ड्रेनेज, भिंतीतलं वायरिंग मालकाकडे, असं स्पष्ट लिहून घ्या. करार ‘लीव्ह अँड लायसन्स’चा (राहण्याची फक्त परवानगी, भाडेकरूचा हक्क नाही) असेल तर कलम १४ वर विसंबू नका, तिथे कागदावर असेल तेवढंच तुमचं.

मालक दुरुस्ती करत नसेल तर लेखी नोटीस द्या, पोस्टाची पोचपावती जपा. १५ दिवसांत काम झालं नाही, तर स्वतः करून खर्च भाड्यातून कापता येतो, पण वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. समजा महिन्याला ९,००० देताय आणि त्यात भाडं ६,००० आहे. वर्षाचं भाडं ७२,०००, म्हणजे मर्यादा १८,०००. भाडं किती आणि किमतीपोटी किती, हे करारात वेगळं नसेल तर हा हिशेबच मांडता येत नाही. पावत्याही तशाच, दोन रकमा वेगळ्या दाखवणाऱ्या घ्या.

इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख घाला, फोटो काढा. एक पावसाळा जाऊ द्या. भेग खुणेपुढे सरकली तर दोष पायाचा असू शकतो. पुट्टी भरून तो जात नाही, इंजिनिअरला दाखवा. ताबा घेतानाच असे फोटो करारासोबत जोडले, तर पुढे ‘ही भेग तुम्ही पाडली’ हा वाद उरत नाही. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा हौद गळतो का तेही तेव्हाच बघा: भरून रात्रभर ठेवा, सकाळी पातळी मोजा.

रास्त कारणाशिवाय पाणी किंवा वीज तोडणं त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ ने मना आहे. त्यामुळे वाद दुरुस्तीचा असो की हप्त्याचा, नळ बंद करण्याच्या धमकीला घाबरून सही करू नका.

नोटरीच्या कागदावर भागवू नका. ताब्यासह कराराला खरेदीखताएवढं मुद्रांक शुल्क लागतं म्हणून लोक नोंदणी टाळतात. पण हे शुल्क पुढे खरेदीखतात वळतं होतं, आणि नोंदणी नसेल तर ताबा राखण्यासाठी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३-अ चा आधार मिळत नाही. नोंदणीआधी इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), प्रॉपर्टी कार्ड (भूमापन कार्यालयाचा मालकीचा उतारा) आणि महापालिकेच्या कराची पावती पाहा. मालकाच्या नावे घरावर बँकेचं कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती आल्याशिवाय पहिला हप्ताही देऊ नका.