सायक्लोस्पोरिनची वेळ सांभाळताना

माझ्या मुलाला अप्लास्टिक अ‍ॅनिमिया होता, म्हणजे त्याच्या हाडांतल्या मगजात पुरेसं रक्त तयार होत नव्हतं. थोरल्या बहिणीच्या रक्त बनवणाऱ्या पेशी जुळल्या, त्यांचं ट्रान्सप्लांट झालं आणि आम्ही इंदूरला घरी परतलो. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकू गुळवेलीचा काढा घेऊन दारात. "प्रतिकारशक्ती वाढेल हो पोराची!" मी हसून पातेलं घेतलं आणि मोरीत रिकामं केलं. तुमच्याकडे आला तर तुम्हीही तेच करा.

आपल्याला इथे उलटंच हवं असतं. बहिणीच्या रक्तातल्या टी-पेशींना, म्हणजे परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, भावाचं शरीर परकं वाटू शकतं. मग त्या त्वचा, आतडी आणि यकृतावर उठतात. यालाच जीव्हीएचडी (ग्राफ्ट-व्हर्सस-होस्ट डिसीज) म्हणतात. टी-पेशी चिडली की तिच्या आत कॅल्सिन्युरिन नावाचं एन्झाइम कामाला लागतं, त्यातून आयएल-2 हा पेशींना वाढायला सांगणारा निरोप तयार होतो आणि पेशींची फौज वाढत जाते. सायक्लोस्पोरिन हे औषध त्या कॅल्सिन्युरिनलाच अडवतं. जोडीला टी-पेशींनाच आवर घालणाऱ्या मेथोट्रेक्सेटची इंजेक्शनं ट्रान्सप्लांटनंतर 1, 3, 6 आणि 11 व्या दिवशी वॉर्डातच झाली होती. शेजारच्या खोलीतल्या हाफ-मॅच (दात्याशी अर्धवटच जुळणाऱ्या) मुलीला त्यासाठीच 3 ऱ्या आणि 4 थ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे वेगळं औषध दिलं, म्हणून दुसऱ्याच्या कागदाशी आपला कागद ताडून घाबरू नका.

घरी आल्यावर खरं काम सायक्लोस्पोरिनच्या कॅप्सूलचं. आमची वेळ सकाळी आठ, रात्री आठ. कॅप्सूल पाकिटातून आधी काढून डबीत भरू नका, घ्यायच्या क्षणीच फोडा. वास उग्र येतो, पोरं नाक मुरडतात. जेवणाआधी की नंतर, जे ठरेल ते रोज तसंच. कंपनी परस्पर बदलू नका.

लेव्हलच्या, म्हणजे रक्तात औषध किती आहे ते तपासायच्या दिवशी मात्र रक्त आधी, कॅप्सूल नंतर. मी पहिल्याच वेळी सवयीने आठला दिली आणि मग लॅबमध्ये गेले. लेव्हल भलतीच वर आली, डोस कमी करायचं ठरतही होतं. तेवढ्यात नर्सने विचारलं, "ताई, सकाळची कधी दिली?" मी गप्पच. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुई. तेव्हापासून आदल्या रात्री सकाळच्या पाकिटावर चिकटपट्टी लावते, त्यावर लाल पेनाने 'रक्त!' आणि ते पाकीट माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात.

चकोतरा, पपनस बंद. त्याने लेव्हल चढते. फंगसची काही औषधं, क्लॅरिथ्रोमायसिन यांनीही चढते, टीबीच्या रिफॅम्पिसिनने उतरते. म्हणून खोकल्यासाठीसुद्धा मेडिकलवाल्याला विचारून काही आणू नका. लेव्हल कमी पडली तर जीव्हीएचडी, जास्त झाली तर किडनीला त्रास. बीपी रोज मोजा. हात थरथरले, हिरड्या सुजल्या तर सांगा.

जीव्हीएचडीची लाली दिसते का, ते रोज सकाळी खिडकीच्या उजेडात तळहात, तळपाय आणि कानामागे बघा. ट्यूबलाइटखाली फिकट लाली कळत नाही. जुलाब झाले तर "चार-पाच वेळा" हे पुरत नाही. मिलीच्या खुणा असलेला मग बाथरूममध्ये ठेवा आणि आकडा लिहा. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा वाटला तर सकाळची वाट बघू नका.

कॅप्सूल उलटीत बाहेर पडली तर स्वतःहून दुसरी देऊ नका. ट्रान्सप्लांटच्या वॉर्डाला फोन करा आणि याच क्रमाने सांगा: ट्रान्सप्लांटचा कितवा दिवस, कॅप्सूल किती वाजता दिली, उलटी किती वाजता झाली.