मायक्रोफ्लुइडिक चिपवर कॅन्सर पेशींचे सिग्नल पाहताय? आधी नळी मोजा

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण मायक्रोफ्लुइडिक्सवाल्यांना, म्हणजे चिपवरच्या बारीक चॅनेलमधून द्रव वाहवून पेशी पाहणाऱ्यांना, लावू नका. इथे अंगण बऱ्याचदा खरंच वाकडं असतं, आणि आपण दोष देतो पेशींना.

नवी मुंबईतल्या एका लॅबमध्ये मी हेच केलं. पेशींना ईजीएफ (वाढीचा संदेश देणारं प्रथिन) दिलं की काही मिनिटांत ईआरके (तो संदेश पेशीच्या आत पुढे नेणारं प्रथिन) जागं होतं, हे पाठ्यपुस्तकातलं. माझ्या चिपवर मात्र प्रतिसाद प्रत्येक वेळी दहाएक मिनिटं उशिरा यायचा. ‘या पेशींमध्ये सिग्नल मंद चालतो’ अशी झकास स्लाइडही बनवून टाकली होती. मॅडम एवढंच म्हणाल्या, “नळी किती लांब आहे रे?” संध्याकाळी ठाण्याच्या लोकलमध्ये कागदावर हिशेब मांडला. नळीचा आतला व्यास 0.5 मिमी, लांबी 50 सेमी, म्हणजे पोटात जवळजवळ 98 मायक्रोलिटर. पंपाचा वेग मिनिटाला 10 मायक्रोलिटर. म्हणजे ईजीएफला चिपपर्यंत पोचायलाच दहाएक मिनिटं. रबाळे यायच्या आत स्लाइड निकालात निघाली.

साध्या माध्यमाच्या (पेशींच्या पोषक द्रवाच्या) सिरिंजवरून ईजीएफच्या सिरिंजवर जायला वाल्व फिरवला ती वेळ शून्य धरायची नाही, ही पहिली गोष्ट. चॅनेल 20 मिमी लांब, 1 मिमी रुंद आणि 100 मायक्रॉन उंच असेल तर त्यात मावतं फक्त 2 मायक्रोलिटर. बाकी सगळा प्रवास नळीतलाच. शिवाय मधलं द्रव पुढे पळतं, भिंतीजवळचं रेंगाळतं, त्यामुळे ईजीएफची धारदार पायरी चिपपर्यंत येताना उतार होऊन जाते. उपाय स्वस्त आहे. ईजीएफच्या द्रावणात थोडं फ्लुरोसंट डेक्स्ट्रान, म्हणजे साखरेच्या साखळीचा चमकता रेणू, मिसळा (ईजीएफ साधारण 6 किलोडाल्टनचं, म्हणून 10 चं डेक्स्ट्रान चालतं), आणि पेशींच्या शेजारी चमक चढायला लागते तो क्षण शून्य धरा. वाल्व चिपला चिकटवूनच ठेवता आला तर उत्तम.

दुसरी चूक जास्त छुपी आहे. प्रवाहाचं घासणंच पेशींना सिग्नल देतं. वरच्याच चॅनेलमध्ये 10 मायक्रोलिटर वेगाला भिंतीवरचा कातरताण (या घासण्याचा जोर) साधारण 0.07 पास्कल येतो. वेग आणि रुंदी तीच ठेवून उंची 50 मायक्रॉन केलीत तर तो चौपट होतो, कारण सूत्रात उंचीचा वर्ग भागाकारात बसलेला आहे. म्हणजे साचा थोडा बुटका निघाला तरी प्रयोग बदलला. म्हणून एक कंट्रोल कधीच चुकवू नका: दोन्ही सिरिंजमध्ये तेच माध्यम भरा, ईजीएफ नाहीच, आणि वाल्व नेहमीसारखा फिरवा. तरीही ईआरकेचा रिपोर्टर (ईआरके जागं झाल्याचं दाखवणारं चमकतं प्रथिन) केंद्रकातून बाहेर पडू लागला, तर तुम्ही पंपाचा अभ्यास करताय.

याची उलटी बाजूही आहे. कॅन्सर पेशी स्वतःच टीजीएफ-अल्फा, ॲम्फिरेग्युलिन असले रेणू सोडून स्वतःला उत्तेजित करत राहतात. डिशमध्ये ते आसपास साचतात, चिपमध्ये प्रवाह धुऊन नेतो. त्यामुळे डिशमधली आणि चिपमधली ईआरकेची मूळ पातळी जुळली नाही तर घाबरू नका. वेग कमी-जास्त करून ती कशी हलते ते पाहा. मला तर हा भाग चुकीपेक्षा शोधाचाच जास्त वाटतो.

औषध देत असाल तर चिप ज्याची बनवतात त्या पीडीएमएसवर भरवसा नको. हे सिलिकोन तेलकट स्वभावाचे छोटे रेणू स्पंजासारखं शोषतं, मग बाटलीवर लिहिलेलं प्रमाण पेशींपर्यंत पोचत नाही. आउटलेटचं द्रव गोळा करून औषध मोजा, नाहीतर काचेची चिप वापरा. ईजीएफसारख्या प्रथिनांची अडचण वेगळी, ती पृष्ठभागाला चिकटतात. आधी थोडं बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन, ते चिकटायची जागा आधीच अडवतं) फिरवून घ्या.

बुडबुडे. फ्रिजमधलं माध्यम थेट जोडलं की 37 अंशांवर त्यातली हवा सुटते आणि एकच बुडबुडा पेशींची अख्खी रांग खरवडून नेतो. माध्यम आधी कोमट करा, व्हॅक्युममध्ये हवा काढा. कोरडी चिप पेशी भरण्याआधी 70 टक्के इथेनॉलने ओली करून मग पीबीएसने (पेशींना चालणाऱ्या खारट द्रावणाने) नीट धुवा.

चिप बनवतानाच्या दोन गोष्टी. लेटेक्सचे हातमोजे घालून पीडीएमएस कालवलं की ते कधीकधी चिकटच राहतं. रबरातलं गंधक ते घट्ट करणारा प्लॅटिनमचा उत्प्रेरक मारतं. नायट्राइलचे घाला. आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे काचेवरही दमट हवा बसते, प्लाझ्मा (पृष्ठभाग चिकटण्याजोगे करणारी वायूची प्रक्रिया) करूनही चिप कडेने सुटते. काच हॉटप्लेटवर कोरडी करा, प्लाझ्मा झाल्याबरोबर चिकटवा, चहाला नंतर जा.

अजूनही आलेख विचित्र दिसत असेल तर पेशी काढून रिकाम्या चिपमध्ये फक्त रंग सोडा. तो आलेखही तसाच आला, तर नळी कापायची कात्री घ्या.