जास्त खाल्लं गेलं आणि आता मन खातंय? पुढचे दोन-तीन दिवस असे काढा

गौरीजेवण, लग्नाची पंगत, ऑफिसातली बिर्याणी, नाहीतर नुसताच रात्री साडेअकराला टीव्हीसमोर फोडलेला फरसाणचा पुडा, कारण काहीही असो, वजन कमी करायला घेतलेल्या माणसाला अशी एक रात्र येतेच. पोट टम्म, आणि डोक्यात एकच रेकॉर्ड, सगळं वाया घालवलं, माझ्याच्याने हे होणार नाही. मला इथे फार मनापासून सांगायचंय की त्या एका ताटाने तुमचं जे काही होतं ते अगदी थोडं होतं, खरं नुकसान त्यानंतरच्या अपराधीपणाने होतं, कारण त्याच भरात माणूस एकतर स्वतःला उपाशी मारतो नाहीतर सगळं सोडून देतो. म्हणून पुढचे दोन-तीन दिवस नीट सांभाळायचे.

१. त्या रात्री शिक्षा करायची नाही

घशात बोटं घालून उलटी काढायची नाही, जुलाबाचं औषध घ्यायचं नाही, रात्री बारा वाजता दोरीच्या उड्या मारायच्या नाहीत. पहिल्या दोन गोष्टी तर खरंच धोक्याच्या आहेत, शरीरातलं पाणी आणि क्षार बिघडतात, वारंवार उलट्या काढल्या तर दात आणि अन्ननलिका खराब होते, आणि जुलाबाने कॅलरी काही निघून जात नाहीत, त्या आधीच शोषल्या गेलेल्या असतात, जातं ते बहुतेक पाणीच.

त्यापेक्षा शतपावली करा. दहा-पंधरा मिनिटं, गच्चीवर नाहीतर सोसायटीच्या आवारात, सावकाश. जेवणानंतर चालल्याने रक्तातली साखर कमी चढते आणि पोटालाही बरं वाटतं. पण हे खाल्लेलं जाळायला म्हणून करू नका, घड्याळात किती कॅलरी गेल्या ते बघत बसू नका. लगेच आडवं न होता थोडं बसा आणि मग झोपा.

२. सकाळी काट्यावर चढू नका

हे फार महत्त्वाचं आहे, कारण बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. आदल्या रात्री पंगत, सकाळी काटा दीड किलो जास्त दाखवतो, आणि महिनाभर केलेलं सगळं पाण्यात गेलं असं वाटतं.

आता जरा हिशोब करू. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. समजा तुम्ही नेहमीपेक्षा १५०० कॅलरी जास्त खाल्ल्या, म्हणजे चार-पाच पुरणपोळ्या तुपाबरोबर, वर बासुंदी आणि भजी असं भरपूर झालं, तरी ती सगळीच्या सगळी चरबी झाली असं धरलं तर होतात जेमतेम २०० ग्रॅम. मग बाकीचं वजन कुठून आलं? एक तर जे खाल्लंय ते अजून पोटात-आतड्यात आहे. दुसरं मीठ, लोणचं-पापड-भजी जास्त झाली की शरीर पाणी धरून ठेवतं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे भात-पोळी-गोडातली साखर शरीर ग्लायकोजेन म्हणून साठवतं आणि एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. हे पाणी तीन-चार दिवस नेहमीचं जेवलात की आपोआप उतरतं. बायकांना पाळीच्या आधी ते आणखी जास्त दिसतं. तेव्हा काटा चार दिवस पलंगाखाली सरकवून ठेवा, खरंच.

३. दुसऱ्या दिवशी उपाशी राहू नका

उद्या कडक उपास, नुसतं लिंबूपाणी, असं रात्री ठरवताना फार शांत वाटतं, पण त्याने काय होतं ते बघा. दिवसभर पोट रिकामं, संध्याकाळी सहाला हात थरथरतात, आणि साडेसहाला आपण वेफर्सच्या पाकिटात. मग परत अपराधी, मग परत उपास, हे चक्र काही लोकांचं वर्षानुवर्षं चालू असतं. बरं, उपास म्हणून साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचे वेफर्स खाल्ले तर ते काही हलकं जेवण नाही. आणि डिटॉक्स ज्यूसवर पैसे घालवू नका, शरीर साफ करायचं काम लिव्हर आणि किडनी रोजच करतायत.

नेहमीचं जेवा. भूक उशिरा लागली तर नाश्ता उशिरा करा, मुगाचं धिरडं, उपमा, अंडी, जे घरात असेल ते. दुपारी भाकरी, पालेभाजी, मटकीची उसळ, वाटीभर ताक. रात्री मुगाची खिचडी. काही खास नाही, आणि तेच हवंय, कारण डोक्याला कळायला पाहिजे की काल जे झालं ते एक जेवण होतं आणि आज परत आपलं रोजचं चालू आहे. ज्यांना डायबेटिस आहे आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी तर जेवण चुकवण्याचा विचारच करू नये, साखर एकदम खाली जाऊ शकते.

४. "आता मोडलंच आहे तर" हा आवाज ओळखा

सकाळी एक सामोसा खाल्ला, मग मनात येतं आजचा दिवस तर गेलाच, सोमवारपासून बघू, आणि त्या एका सामोस्यामागे दुपारी पावभाजी, रात्री आइस्क्रीम. ही तुमच्या एकट्याच्या स्वभावातली खोट नाहीये. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या संशोधकांनी कॉलेजातल्या मुलींना आधी मिल्कशेक दिला आणि मग चव बघायच्या निमित्ताने आइस्क्रीम पुढे ठेवलं. ज्या खाण्यावर बंधन घालत नव्हत्या त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. ज्या सतत मोजूनमापून खाणाऱ्या होत्या त्यांनी उलट जास्त खाल्लं, कारण नियम मोडलाच होता.

आणि याच्या पुढचा अभ्यास मला सगळ्यात मोलाचा वाटतो. २००७ मध्ये ॲडम्स आणि लिअरी यांनी असंच डोनट खायला देऊन काहीजणींना दोन चांगले शब्द सांगितले, की असं सगळेच खातात, स्वतःवर एवढं कठोर होऊ नका. खाण्याबद्दल अपराधी वाटून घेणाऱ्या ज्या मुलींना हे सांगितलं होतं त्यांनी नंतर समोर ठेवलेली चॉकलेटं-गोळ्या कमी खाल्ल्या, न सांगितलेल्यांनी जास्त. लोकांना वाटतं स्वतःला माफ केलं की माणूस सैल सुटतो, तर इथे उलटंच दिसलं. म्हणून तो आवाज आला की तिथल्या तिथे म्हणा, एक सामोसा झाला, दुपारी घरचा डबा आहे. बस. सोमवारची वाट बघायची नाही, पुढचा घास हीच सुरुवात.

५. शांत झाल्यावर, एकदाच, कारण शोधा

रात्री अंथरुणात नाही, दुसऱ्या दिवशी चहा घेताना. "मला कंट्रोलच नाही" हे कारण नाही, ती स्वतःला दिलेली शिवी आहे. कारण असं दिसतं: संध्याकाळी पंगत आहे म्हणून सकाळपासून फक्त काकडी खाल्ली होती. किंवा महिनाभर भात पूर्ण बंद केला होता. किंवा बॉसशी भांडण झालं होतं, चार रात्री झोप नव्हती, घरात एकटेपण होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत ॲन्सेल कीझ या संशोधकांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, तर त्यांच्या डोक्यात दिवसरात्र जेवणाचेच विचार यायला लागले, कुणी पाककृतींची पुस्तकं गोळा करायला लागलं, आणि नंतर भरपूर खायला मिळाल्यावरही कितीतरी जणांचं समाधान होईना. उपाशी शरीर असंच वागतं. तेव्हा कारण उपाशीपणाचं निघालं तर डाएट ढिलं करा, पंगतीच्या दिवशी दुपारी नीट जेवून जा. कारण मनाचं निघालं तर कुणाशी तरी बोला, पोळीला दोष देऊ नका.

६. उरलेलं आणि लोकांचे शेरे

उरलेल्या पुरणपोळ्या रागाने टाकून देऊ नका. शेजारी द्या, कामाला येणाऱ्या मावशींना ताज्या असतानाच द्या, बाकी फ्रीझरला टाका. एक खावीशी वाटली तर गरम करून, ताटात घेऊन, बसून, सगळ्यांसमोर खा. ओट्याशी उभं राहून डब्यातून चोरून खाल्लेल्या तुकड्याने जीव भरत नाही, नुसती टोचणी वाढते.

आणि "काय गं, डाएट होतं ना तुझं?" म्हणणारं कुणीतरी असतंच. गंमत म्हणजे आग्रह करणारीही तीच माणसं. उत्तर लांबवू नका, "हो, आहे ना अजून" एवढंच. आग्रहाला म्हणा, "काकू, पोळी फार छान झालीये, पोट भरलंय, उद्यासाठी एक बांधून द्या." बऱ्याच काकू यावर खूश होतात. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते, घरात मुली-मुलगे असतील तर त्यांच्यादेखत "शी, किती खाल्लं मी, लाज वाटते" असं बोलू नका, ती ऐकत असतात.

७. कधी डॉक्टरकडे जायचं

सणावाराला जास्त खाणं हा आजार नाही. पण आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने, थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नाही असं खाणं होत असेल, लपून होत असेल, नंतर स्वतःची किळस वाटत असेल, किंवा उलट्या काढणं, जुलाबाचं औषध घेणं चालू असेल, तर तो इच्छाशक्तीचा प्रश्न नाही, त्यावर उपचार आहेत. पुरुषांनाही होतं हे, ते फक्त बोलत नाहीत. सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा आहारतज्ज्ञांकडे गेलात तर वजनाच्या आकड्याच्या आधी हे सांगा, की मी किती वेळा असं खाते, तेव्हा काय वाटत असतं आणि नंतर स्वतःला काय काय करते.